रापलेलं कातडं काय सांगतं?

मेलबर्नहून माझ्या भाचीचा फोन आला होता. ‘मामू, आज शाळेत आमच्या छोट्याला खेळूच दिलं नाही. का, तर टोपी विसरला!’ मला हसू आलं. आमच्या कोकणात भर मे महिन्यात पोरं उघड्या डोक्यानं हुंदडतात, त्यांना कोण अडवतं? पण तिथल्या शाळांत उन्हाळ्याच्या दिवसांत नियमच आहे. टोपी नाही, तर उन्हात खेळ नाही. कारण कळलं तेव्हा हसू मावळलं. त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांत ऑस्ट्रेलिया मोडतो. १९८१ पासून तिथे जाहिरातीतला एक समुद्रपक्षी लोकांना शिकवत आला आहे : सदरा चढवा, क्रीम थापा, टोपी घाला.

गंमत अशी, की गोऱ्या लोकांनाच अंग रापवून घेण्याची हौस फार. एके काळी युरोपात गोरंपान असणं हे खानदानीपणाचं लक्षण होतं. उन्हात राबायचे ते शेतमजूर. पुढे मजूर कारखान्यांच्या छपराखाली गेले आणि समुद्रकाठी सुट्टी घालवणं पैसेवाल्यांची चैन झाली. १९२० च्या दशकात रापलेलं अंग ही फॅशनच बनली. मग ऊन नसेल त्या दिवसांसाठी दिव्यांच्या नळ्या बसवलेल्या पेट्या आल्या. आत उघड्या अंगानं पडून राहायचं. आपल्याकडे गोरं करणारी क्रीमं खपतात, तिकडे सावळं करणाऱ्या पेट्या!

आता रापणं म्हणजे नेमकं काय? उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. ते कातडीत शिरून पेशींमधल्या डीएनएची वीण उसवतात. ही इजा होताच शरीर मेलॅनिन नावाचं काळसर रंगद्रव्य जास्त तयार करतं आणि पेशीच्या केंद्रावर छत्रीसारखं धरतं. तोच हा रापलेला रंग. म्हणजे ती तब्येतीची खूण नव्हे, झालेल्या इजेचा पंचनामा आहे. उसवलेलं बरंचसं शरीर शिवून काढतं, पण एखादा टाका चुकतो. अशा चुका वर्षानुवर्षं साठत जातात आणि एखाद्या दिवशी एखादी पेशी बेबंद वाढू लागते. त्वचेच्या कर्करोगांत मेलॅनोमा फार घातक, कारण वेळीच काढला नाही तर तो फुप्फुसं, यकृत, मेंदूपर्यंत पोचतो.

पेटीतला प्रकाशही अतिनीलच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००९ मध्ये या पेट्यांना तंबाखूच्या पंगतीत, म्हणजे कर्करोगाच्या सिद्ध कारणांत बसवलं. पस्तिशीच्या आत त्यांचा वापर सुरू करणाऱ्यांना मेलॅनोमाचा धोका ७५ टक्क्यांनी जास्त, असा हिशेब तेव्हा समोर होता. पुढच्या हिशेबांत आकडा काहीसा उतरला, धोका मात्र राहिलाच.

मेलबर्नची क्लेअर ऑलिव्हर ही तरुणी अशा पेट्या वापरत असे. तिला मेलॅनोमा झाला. एका माणसाचा रोग नेमका कशानं झाला, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण तिनं अखेरच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून, टीव्हीवरून इतरांना सावध केलं आणि सप्टेंबर २००७ मध्ये, सव्विसाव्या वर्षी ती गेली. तिच्या बोलण्यानं सरकार हललं. ब्राझीलनं या व्यवसायावर २००९ मध्येच बंदी घातली होती. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत ती २०१५ च्या आरंभापासून आली.

तुम्ही म्हणाल, आपल्याला याचं काय? आपली कातडी मुळातच छत्री घेऊन आलेली. खरं आहे, उन्हामुळे होणारे त्वचेचे कर्करोग आपल्यात बरेच कमी. पण कमी म्हणजे नाहीत असं नव्हे.

माझे अब्बा किनाऱ्यावर रापण ओढायचे. त्यांची पाठ तव्यासारखी काळी. त्या रापलेल्या पाठीवर मी कविता लिहिली, लोकांनी वाहवा केली. पाठीला कधी काही झालं नाही. उतारवयात टाचेवर मात्र एक काळा डाग उठला. काटा मोडला असेल म्हणून आम्ही बिब्बा घातला. डाग पसरला, चिघळला. निदान झालं तेव्हा उशीर झाला होता. सावळ्या माणसांत मेलॅनोमा बहुधा तळव्यावर, तळहातावर, नखाखाली निघतो. तिथे उन्हाचा हात नसतो. गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये गेला, तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखालून सुरू झालेल्या अशाच रोगानं.

म्हणून दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भर दुपारी डोकं, अंग झाकावं. हौसेनं अंग भाजून घेऊ नये. आणि रंग, आकार बदलणारा तीळ, न भरणारी जखम, नखाखाली रुंदावत जाणारी काळी रेघ दिसली, तर बिब्बा न घालता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. अब्बांच्या पाठीकडे मी कवीच्या नजरेनं पाहिलं, तळव्याकडे पाहायचं राहून गेलं. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे तळवे आज एकदा उजेडात पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)