ड्रेसिंग रूमबाहेर गेलेले शब्द

सप्टेंबर २००५, झिम्बाब्वेतलं बुलावायो. कसोटीत शतक ठोकल्यावर भारतीय कर्णधार सौरव गांगुलीनं पत्रकारांना सांगून टाकलं, की सामन्याआधी आपल्याला कर्णधारपद सोडायला सुचवलं गेलं होतं. पाठोपाठ प्रशिक्षक ग्रेग चॅपेल यांनी क्रिकेट मंडळाला ईमेल लिहिली : गांगुली शरीरानं आणि मनानं नेतृत्वाला लायक उरलेला नाही, तो फोडा आणि झोडा नीतीनं संघ चालवतो. काही दिवसांतच ती वर्तमानपत्रांत आली.

या प्रकरणाबद्दल बोलताना काही समजुती अजून ऐकू येतात.

गैरसमज : मेल खासगी होती, फोडणाऱ्याचाच दोष.
वस्तुस्थिती : फोडणं वाईटच. पण मोठ्या पदावरच्या माणसाचं लिहिलेलं कागदावर राहतं आणि आज ना उद्या त्याला पाय फुटतात. गांगुलीच्या धावा आटल्या होत्या, त्याला बाजूला करण्याचा विचार मला गैर वाटत नाही. मात्र फलंदाजीवर केलेल्या टीकेला खेळाडू बॅटनं उत्तर देऊ शकतो. हेतूवर बोट ठेवलं की कितीही धावा काढा, उत्तर देता येत नाही. शिवाय ते वाचणारा दुसरा खेळाडू स्वतःशीच विचारतो, माझ्याबद्दल काय लिहिलं असेल? विश्वास तिथे उसवतो. आणि पहिली ठिणगी पत्रकारांपुढे टाकणारा गांगुलीही त्या वेळी कर्णधारच होता, हे आपण सोयीनं विसरतो.

गैरसमज : संघ जिंकत होता, म्हणजे सगळं आलबेल होतं.
वस्तुस्थिती : गांगुलीनंतर कर्णधारपद राहुल द्रविडकडे आलं आणि बहुतांशी त्याच्याच नेतृत्वाखाली भारतानं एकदिवसीय सामन्यांत सलग १७ यशस्वी पाठलाग केले. तरीही आतली कुरबुर मिटली नव्हती. विजय ती झाकतो, पराभव उघडी पाडतो. मार्च २००७ मध्ये वेस्ट इंडिजमधल्या विश्वचषकात भारत बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून पहिल्याच फेरीत बाहेर पडला. त्याचं सगळं खापर शब्दांवर फोडणं चूक ठरेल. बांगलादेशविरुद्ध १९१ धावांत गारद होणं ही फलंदाजांचीच हार होती. पण त्यानंतर जे झालं, ते शब्दांमुळेच.

गैरसमज : मुरलेली माणसं असलं काही मनाला लावून घेत नाहीत.
वस्तुस्थिती : खेळाडूंच्या वृत्तीवर चॅपेल यांनी शंका घेतल्याच्या बातम्या आल्या आणि सहसा वादात न पडणारा सचिन तेंडुलकर जाहीरपणे बोलला. आम्ही वाईट खेळलो, जबाबदारी आमची. पण प्रशिक्षकानं वृत्तीवर संशय घेतला असेल तर ते सर्वाधिक लागलं, असा त्याचा सूर होता. तेव्हा त्याच्या कारकिर्दीला सतरा वर्षं उलटून गेली होती. त्याच एप्रिलमध्ये चॅपेल यांनी पद सोडलं. २०१४ साली सचिनचं आत्मचरित्र आलं, तेव्हाही त्या दिवसांची कडवट आठवण त्यात होती.