संगणकातील चित्रकार

मुलांनो, संगणकाच्या पडद्यावर तुम्ही अक्षरे, चित्रे आणि खेळ पाहता. ही चित्रे कोण तयार करते? काही संगणकांत हे काम प्रोसेसरमधलाच एक भाग करतो. काहींत त्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असते.

नव्या खेळाच्या माहितीत कोणते कार्ड हवे ते लिहिलेले असते. आपले कार्ड त्याहून कमी ताकदीचे असेल, तर खेळ नीट चालत नाही आणि पैसे वाया जातात. म्हणून आपले कार्ड आधी ओळखावे.

त्यासाठी संगणक खोलावा लागत नाही. विंडोज १० किंवा ११ असेल, तर स्टार्ट बटणावर माउसचे उजवे बटण दाबा. यादीतून 'डिव्हाइस मॅनेजर' निवडा. मग 'डिस्प्ले अडॅप्टर्स' शेजारचा बाण दाबा. खाली नाव दिसेल. दोन नावे दिसली, तर बहुधा एक प्रोसेसरमधल्या भागाचे आणि दुसरे वेगळ्या कार्डाचे असते.

'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असे दिसले, तर कार्ड बिघडले असे लगेच समजू नका. बहुतेक वेळा कार्ड चालवणारा ड्रायव्हर बसवलेला नसतो. तो बसवला, की खरे नाव दिसते.

शाळेतील संगणकात कोणते नाव दिसते? शिक्षकांच्या मदतीने शोधा व वहीत लिहा.