मोटार-कारखान्यांना सरकारचा टेकू
कारखाना बुडाला तर मालकाचा बुडाला, सरकारने त्यात का पडावे, असे तुम्ही म्हणाल. अमेरिकेतही पुष्कळांनी तेच म्हटले. २००८ साली तिथे बँका कोसळल्या, कर्ज मिळेना नि मोटारींना गिऱ्हाईक उरले नाही. जनरल मोटर्स व क्रायस्लर यांची रोकड संपत आली. डिसेंबरात मदतीचे विधेयक सिनेटमध्ये अडले. तेव्हा अध्यक्ष बुश यांनी बँकांसाठी काढलेल्या निधीतूनच १७.४ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले.

गंमत पाहा, फोर्डने हे कर्ज घेतले नाही. पण प्रतिस्पर्ध्यांना ते मिळावे, असे फोर्डचेही म्हणणे होते! मोटारीचे हजारो सुटे भाग बाहेरचे कारखाने करतात, आणि त्यांतले बरेचसे तिघांनाही माल पुरवीत. दोन मोठी गिऱ्हाइके गेली तर तेही बसणार. मग फोर्डला तरी ब्रेक कोण देणार?

पैसा फुकट मात्र नव्हता. २००९ साली ओबामा सरकारने दोन्ही कंपन्या दिवाळखोरीच्या कोर्टातून नेल्या. जनरल मोटर्सच्या जुन्या भागधारकांचे पैसे बुडाले, हजारो कामगार घरी बसले. नव्या कंपनीत सरकारचा वाटा सुमारे ६१ टक्के झाला. त्यातले शेवटचे शेअर डिसेंबर २०१३मध्ये विकले, तेव्हा त्या एका खात्यात दहा अब्ज डॉलरांहून अधिक तूट निघाली.