वनस्पतींचे दूध आणि उकळीची परीक्षा

बासुंदीसाठी दूध तासभर आटवतात. ते उतू जाते, बुडाला लागते, वर साय धरते. पण ताजे असेल तर फाटत नाही. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात नवल वाटत नाही. नवल मात्र आहे. अन्नातली पुष्कळशी प्रथिने उष्णतेने गोठतात. उकडलेले अंडे घट्ट होते ते त्यामुळेच. गाई-म्हशीच्या दुधातले केसिन मात्र कॅल्शियम आणि फॉस्फेटसह अतिसूक्ष्म गोळ्यांत बांधलेले असते आणि उकळीला दाद देत नाही. असे केसिन निसर्गात कोणत्याही वनस्पतीत नसते.

म्हणून सोया, ओट, बदाम, नारळ या सगळ्यांना ‘दूध’ समजून एकाच पद्धतीने पातेल्यात ओतले की फजिती होते. वनस्पतीचे दूध म्हणजे तिच्या बीने अंकुरासाठी राखून ठेवलेली शिदोरी, वाटून पाण्यात उतरवलेली. नारळात ती मुख्यतः तेलाची असते, ओटमध्ये पिठूळ पदार्थाची म्हणजे स्टार्चची, सोयाबीनमध्ये प्रथिनांची. कोणते दूध कशात घालायचे याचे उत्तर या शिदोरीत आहे, डब्यावरच्या चित्रात नाही.

नारळापासून सुरुवात करू, कारण या बाबतीत कोकण आणि गोवा कोणाकडून शिकायला बसलेले नाहीत. खवलेला नारळ थोड्या कोमट पाण्यात वाटून पिळला की निघतो तो जाड रस. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून काढला की पातळ रस. पाणी न घालता काढलेल्या जाड रसात साधारण तिसरा हिस्सा स्निग्धांश असतो. गाईच्या दुधात तो चार टक्क्यांच्या आसपास. तेलाच्या या असंख्य थेंबांभोवती प्रथिनांचे पातळ कवच असते आणि तेवढ्यावरच सगळा डोलारा उभा असतो. तापमान 80 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की कवच विस्कटते, थेंब एकमेकांत मिसळतात आणि रस फुटतो. गोव्यातल्या मणगण्यात हरभऱ्याची डाळ आणि साबुदाणा पातळ रसात शिजतो, गूळ पडतो, आणि जाड रस अगदी शेवटी, आच मंद करून घातला जातो. शिरवाळ्यांबरोबरचा (म्हणजे तांदळाच्या शेवयांबरोबरचा) गूळ-वेलचीचा रस तर चुलीवर चढतच नाही. सोलकढीची गंमत आणखी वेगळी. आमसुलांचा आंबटपणा प्रथिनांना आधीच अस्थिर करतो. थंड असताना कढी तग धरते, ठेवली की दोन थर होतात आणि ढवळली की पुन्हा एक होते. गरम केली की मात्र तिचे पाणी वेगळे आणि चोथा वेगळा. सोलकढी उकळायची नसते हा घरोघरचा दंडक रसायनशास्त्राच्या पुस्तकातही जसाच्या तसा बसेल.

फुटणे हा सगळीकडे दोष मानला जातो असे नाही. थायलंडमध्ये घट्ट रस कढईत मुद्दाम फुटेपर्यंत तापवतात आणि सुटलेल्या तेलात वाटण परततात. सुमात्राच्या मिनांगकाबाऊ लोकांचा रेंदांग हा मांसाचा पदार्थ तर नारळाच्या दुधात तासन्‌तास शिजतो; पाणी उडून जाते, तेल उरते आणि शेवटी मांस त्याच तेलात खमंग होते. इथे एक व्यावहारिक अडचण सांगायला हवी. डबाबंद नारळाच्या दुधात पुष्कळदा गवारीच्या बियांचा डिंक घातलेला असतो. तो रस फुटू देत नाही. रस्श्यासाठी हे सोयीचे, पण तेल सोडवून वाटण परतायचे असेल तर तेच दूध हट्टाला पेटते. या गवार डिंकाचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक भारत आहे आणि त्यातला मोठा वाटा राजस्थानचा.

ओटचे दूध हा अगदी उलटा मामला. घरी ओट भिजवून, वाटून, गाळून घेतले की पांढरेशुभ्र दूध मिळते आणि गार असेतो ते बरे लागते. ते चहात घालून तापवले की गव्हाचा चीक शिजवताना होतो तसे होते: आधी काही नाही, मग एकाएकी घट्ट. ओटचा स्टार्च 55 ते 65 अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतो, त्याला कोणी काय करणार! यावरचा उपाय स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातले संशोधक रिकार्ड ओस्टे यांनी 1990 च्या दशकात काढला. आपल्या लाळेत असते त्या जातीचे विकर वापरून त्यांनी स्टार्चचे तुकडे केले. त्यातून माल्टोज ही साखर तयार होते. म्हणून बाजारातले ओटचे दूध साखर न घालताही गोडसर लागते आणि तापवल्यावर त्याची पेज होत नाही. या गोडव्यामुळे ते कॉफीत, शिऱ्यात, दलियात छान जमते. आमटीच्या किंवा पालकाच्या वाटेला ते जाऊ नये असे मला वाटते.

स्टार्चचे दूध न तापवता प्यायची युक्ती स्पेनच्या व्हॅलेन्सिया भागात फार जुनी आहे. तिथे चुफा नावाच्या छोट्या गाठी भिजवून, वाटून ओरचाता करतात आणि तो बर्फगार पितात. तापवला तर तो घट्ट होतो. चुफा ही आपल्या नागरमोथ्याची सख्खी बहीण, दोघी एकाच प्रजातीतल्या. आपल्याकडे शेतकरी जिला तण म्हणून उपटतो, तिच्याच बहिणीची व्हॅलेन्सियाजवळच्या आल्बोराया गावात निगुतीने शेती होते.

प्रथिनांच्या बाबतीत गाईच्या दुधाच्या जवळ जाते ते सोयाचे. शंभर ग्रॅममागे तीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने असल्याने त्याचा फेस चांगला होतो, विरजण लावले तर ते धरते, उकळीही सोसते. किंबहुना ते उकळलेच पाहिजे, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडथळा करणारे घटक असतात. त्याचा शत्रू वेगळा: आंबटपणा. सोयाची प्रथिने 4.5 सामूच्या आसपास एकत्र येऊन गोठतात आणि कॉफीचा सामू बहुधा 5 च्या जवळ असतो. त्यात उष्णतेची भर पडली की कपात पांढऱ्या गुठळ्या तरंगतात. कॉफीसाठीच्या खास डब्यांत यावर उतारा म्हणून पोटॅशियम फॉस्फेट घालतात. घटकांच्या यादीत ‘आयएनएस 340’ दिसले तर ते हेच. साधे सोया दूध असेल तर आधी दूध कोमट करावे आणि त्यात कॉफी हळूहळू ओतावी, उलटे करू नये. तैवानमध्ये मात्र न्याहारीच्या वाडग्यात व्हिनेगर घालून त्यावर उकळते सोया दूध ओततात आणि ते मुद्दाम फाडून खारट, मऊसूत सूप खातात.

बदामाच्या दुधाचा इतिहास मोठा आणि आजचा अवतार पातळ. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या ‘फॉर्म ऑफ क्युरी’ या इंग्लंडच्या राजवाड्यातल्या पाककृतींच्या संग्रहात ते जागोजागी येते, कारण ख्रिस्ती उपवासांत जनावरांचे दूध वर्ज्य असे. तेव्हाच्या दुधात बदाम भरपूर पडत. आज काही डब्यांत ते दोन-तीन टक्केच असतात, बाकी पाणी. थंडाईसाठी किंवा खिरीसाठी घरी वाटलेल्या बदामांचेच दूध घ्यावे. काजूला तर गाळायचीही गरज नाही. भिजवून बारीक वाटला की रस्सा दाट करायला तो पुरे.

शेंगदाण्याचे दूध स्वस्त आणि पौष्टिक, पण त्याचा वास लपत नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने 1970 च्या दशकात शेंगदाण्यातली प्रथिने वेगळी काढून ती जनावराच्या दुधात मिसळली आणि ‘मिलटोन’ तयार केले. हेतू होता दुधाचा तुटवडा भरून काढण्याचा.

सगळ्यांत अवघड प्रश्नपत्रिका आपल्या चहाची. जगात बहुतेक ठिकाणी दूध चहात वरून घालतात; आपण ते चहाबरोबर उकळतो आणि कडक चहाचा तुरटपणा केसिनवर सोपवतो, कारण केसिन चहातल्या टॅनिनना धरून ठेवते. ओटच्या दुधात प्रथिने जेमतेम एक टक्का, त्यामुळे त्याचा चहा गोड होऊनही घशाशी तुरटच राहतो. नारळाचे दूध वर तेलाचे डोळे सोडते. सोया केसिनचे काम थोडेफार करते, पण गुळाचा चहा असेल तर गुळातल्या आम्लाने तेही फाटते. तिथे साखरच बरी. एरवी आले आणि जरा कमी पत्ती पाण्यात चांगली उकळून घ्यावी. कच्च्या आल्यातले विकर गाईचे दूधही नासवते, उकळीने ते निकामी होते. मग गॅस बंद करून वेगळे गरम केलेले दूध गाळलेल्या चहात मिसळावे. डबा आधी नीट हलवून घ्यावा, कारण वरून घातलेले कॅल्शियम तळाशी बसते. बिनगोड डबा घेतला तर तोच दुपारी चहाला आणि रात्री भाजीला चालतो. व्हॅनिलाचा घेतलात तर भाजीचे काही खरे नाही.