अक्षरं खाणारी मुलं

‘अक्षरे खातो. शुद्धलेखनाकडे लक्ष नाही. पालकांनी भेटावे.’ सहावीतल्या एका मुलाच्या मराठीच्या वहीत हा शेरा मला एकाच सहामाहीत सात वेळा सापडला. आमची शाळा तालुक्याच्या गावातली, पाचवी ते दहावीची, मराठी माध्यमाची. चार वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांनी मला विशेष शिक्षण विभाग सुरू करायला सांगितलं, तेव्हा पहिला महिना मी खोली मागितलीच नाही. वर्गावर्गातून वह्या आणल्या आणि शाळा सुटल्यावर शिक्षकखोलीत बसून चुका उतरवून घेतल्या.

हा मुलगा ‘दिवस’ हा शब्द ‘दीवस’ असा लिहायचा, ‘किती’ हा ‘कीती’. कारण कळायला मला त्याच्या शेजारी बसावं लागलं. तो शब्द पुटपुटत लिहीत होता. तोंडातून आधी द निघतो, मग इ. म्हणून तो आधी द काढायचा आणि वेलांटी मागून द्यायचा. ऱ्हस्व वेलांटी मात्र उच्चारात नंतर असूनही कागदावर अक्षराच्या आधी येते. त्याचा हात कानाचं ऐकत होता. ‘धर’चं ‘घर’ होण्याची गोष्टही तशीच. ध आणि भ यांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते, घ आणि म यांची अखंड. शब्द लिहून झाला की पोरगा वरून एका दमात रेघ ओढायचा, आणि ध बुजून जायचा. हे सगळं वहीवर लाल शाईनं ‘निष्काळजीपणा’ म्हणून नोंदलेलं होतं.

गणितात त्याहून अवघड. ‘बासष्ट’ म्हटलं की कानावर आधी दोन येतो, मग साठ. मुलं २६ लिहितात. ‘एकोणसत्तर’मध्ये तर सत्तर ऐकायचं आणि सहानं सुरुवात करायची. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘साठ दोन’ अशी संख्यानामं आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. भाषेचं नुकसान होईल ही चिंता मला समजते, पण माझ्या मुलांना ‘साठ दोन, म्हणजे बासष्ट’ ही पायरी लागतेच. काडेपेटीतल्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरानं बांधून ठेवलेत. आधी सहा गठ्ठे, मग दोन सुट्या काड्या, मग तोंडानं बासष्ट, आणि सगळ्यात शेवटी पेन्सिल.

खोली मिळाली ती खेळाच्या सामानाची. ढोलकी, लेझीम, फुटके स्टंप बाहेर निघाले. आत आलं ते फारसं विकत घेतलेलं नव्हतं: रवा पसरलेलं ताट, पॉलिश पेपरची कापलेली अक्षरं, एकच ओळ दिसेल अशी खिडकी पाडलेला पुठ्ठा, चिंचोके. पण पहिल्या वर्षी माझी मोठी चूक झाली. मुलांना वर्गातून कधी बाहेर काढायचं यावर कोणी शिक्षक तास सोडेना, म्हणून मी चित्रकला आणि खेळाचा तास घेतला. तिथं कोणाची हरकत नव्हती. ज्या दोन तासांत ही मुलं इतरांच्या बरोबरीनं उभी राहायची, नेमके तेच मी काढून घेतले. दिवाळीनंतर तो सहावीतला मुलगा यायचा थांबला. विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, “बाई, पोरं म्हणतात ती ढ लोकांची खोली आहे.”

त्यानंतर वेळापत्रक बदललं. आता आठवड्याचे निम्मे तास मी त्यांच्याच वर्गात, मागच्या बाकाशी बसते. भाषेच्या तासालाच भाषेची मदत. यासाठी सहकाऱ्यांशी पुष्कळ बोलावं लागलं. “सगळ्यांना सारखंच पाहिजे,” हा आक्षेप प्रामाणिक होता आणि मी तो हसण्यावारी नेला नाही. विज्ञानाच्या सरांना विनंती केली की एक चाचणी तोंडी घ्या. वनस्पती अन्न कसं तयार करतात हे त्या मुलानं न अडखळता सांगितलं; लेखी उत्तरपत्रिकेत त्याच प्रश्नाखाली दीड ओळ होती. सरांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःहून आणखी तीन नावं माझ्याकडे आणली.

प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा एका पानाचा असतो. वरची ओळ मी नेहमी मुलाला काय येतं याची ठेवते, आणि ती वर्गशिक्षकाकडूनच लिहून घेते. मग सहामाहीपुरती दोन-तीन उद्दिष्टं, मोजता येतील अशी.

अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राचा रस्ता मात्र लांब आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यांत अध्ययन अक्षमता नव्हती. २०१६ च्या कायद्यानं २१ प्रकार मानले, त्यांत ती आली. प्रमाणपत्र असेल तर दहावीला दर तासामागे २० मिनिटं जादा मिळतात, लेखनिक मिळू शकतो. पण आमच्याकडच्या एका आईला त्यासाठी मोठ्या शहरातल्या रुग्णालयात तीन खेपा कराव्या लागल्या. प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडाली. तिसऱ्यांदा परत आली तेव्हा हातातला कागद पुढे करून तिनं एवढंच विचारलं, “बाई, म्हणजे तो मठ्ठ नाही ना?” दहा वर्षं ती हा प्रश्न मनात घेऊन फिरत होती. मुलं आमच्याकडे पाचवीत येतात, तोवर अशी वर्षं वाया गेलेली असतात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेली ‘डाली’ ही वाचनातल्या अडचणी हेरणारी चाचणी मराठीतही आहे आणि ती पहिलीपासून वापरता येते. म्हणून गेल्या वर्षापासून मी शेजारच्या प्राथमिक शाळेतही जाऊन बसते.

आज पाचवी ते आठवीची २३ मुलं विभागाच्या पटावर आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत २०२२ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे पाचवीपर्यंत १० मुलांमागे आणि सहावी ते आठवीला १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. मी एकटी आहे. दुसऱ्या पदाची मागणी करणारं पत्र जूनमध्ये तिसऱ्यांदा पाठवलं आहे.