दमा समजून घेताना – लेखांक ६ : फुगवटा आला, म्हणजे दमा झाला?

शिरूर-दौंडकडून पोराला पुण्यात दाखवायला आणलं की कधीकधी हातावर ॲलर्जीची चाचणी होते. अर्काचे थेंब ठेवून सुईने हलकंसं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटं थांबतात. धुळीतल्या किड्याच्या थेंबाखाली तीन मिलिमीटरचा फुगवटा आला, की घरच्यांना वाटतं, दम्याचं कारण सापडलं.

सापडलेलं असतं ते एवढंच, की शरीराने किड्यातल्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार ठेवली आहेत. अशी तयारी असलेल्या कितीतरी जणांना जन्मात धाप लागत नाही.

तरीही दम्याशी तिचं नातं आहे. इंग्लंडमधल्या पूल इथे आईवडिलांकडून ॲलर्जीचा वारसा आलेल्या ६७ मुलांवर जन्मापासून अकराव्या वर्षापर्यंत लक्ष ठेवलं गेलं. पहिल्या वर्षी ज्यांच्या घरच्या एक ग्रॅम धुळीत या किड्याचं प्रथिन १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त होतं, त्यांना पुढे दमा होण्याचा धोका जवळपास पाचपट निघाला. हे १९९० साली प्रसिद्ध झालं.

पूल मात्र समुद्रकाठचं, दमट. घोड आणि भीमेकाठचे आपले तालुके पर्जन्यछायेतले. हा किडा पाणी पीत नाही, हवेतली वाफ अंगात ओढून घेतो. त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात तो वाळून मरतो आणि पावसाळ्यात गोधडीत, उशीत पुन्हा माजतो. त्रास मुख्यतः त्याच्या विष्ठेचा, आणि ती किडा मेल्यावरही कित्येक महिने कापडात टिकते. म्हणून गोधडी नुसती वाळत टाकून भागत नाही. उन्हाने किडा मरतो, प्रथिन जातं ते धुतल्यावरच. घटस्थापनेआधी घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या-वाकळा धुवायची रीत बरोबर पावसाळा सरताना येते. (पूर्वजांना हा किडा ठाऊक होता, असं मात्र कुणी सांगू नये. घरच्या धुळीच्या ॲलर्जीचा माग त्याच्यापर्यंत लागला तो १९६४च्या सुमारास, नेदरलँड्समधल्या लायडनला.)

ॲलर्जी झुरळाचीही होते, आणि त्याला पावसाची वाट पाहावी लागत नाही. मोरीची ओल आणि रात्रीचं खरकटं त्याला पुरतं. रांजणगाव-कुरकुंभच्या एमआयडीसीजवळ एकाच खोलीत चूल आणि अंथरूण असेल, तर मला गोधडीपेक्षा मोरीची काळजी जास्त वाटते.

आता अवघड भाग. ‘आयझॅक’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात २२ देशांतल्या मुलांची अशीच चाचणी झाली. फुगवटा आणि छातीतली घरघर यांचं नातं श्रीमंत देशांत घट्ट निघालं, गरीब देशांत सैल. म्हणजे चाचणी निगेटिव्ह आली तरी मूल घरघरत असू शकतं, आणि ती घरघर खोटी नसते. तिच्यामागे चुलीचा धूर असेल, मच्छर अगरबत्ती असेल, तान्हेपणीचे विषाणूंचे आजार असतील.

आणि दारातला गोठा? अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या शेतकरी पंथांची तुलना २०१६ साली छापून आली. दोघांचं मूळ युरोपातलं, राहणीही पुष्कळशी सारखी. पण आमिशांची गाई-घोडी घराला लागून, हटराइटांची शेती यंत्रांची आणि गोठे लांब. दमा आमिश मुलांत सुमारे ५ टक्के, हटराइट मुलांत २१. मात्र आपल्याकडे ज्या घराला गोठा आहे, तिथे अनेकदा चूलही धुमसत असते. तेव्हा गाय असली की दमा नाही, असा हिशेब इथे मांडता येत नाही. त्यासाठी तीच कुटुंबं वर्षानुवर्षं पाहावी लागतात. शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र २००२ पासून आसपासच्या गावांतल्या घरांची अशी नोंद ठेवत आलं आहे.

तोवर चाचणीच्या कागदावर बोट ठेवून पोराचं केळं-दही तोडू नका. दम्याचं निदान होतं ते रात्रीच्या खोकल्यावरून, छातीतल्या शिट्टीवरून आणि यंत्रात फुंकून मोजलेल्या श्वासावरून. चाचणी निगेटिव्ह आली म्हणून डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेला पंपही बंद करायचा नाही. तो श्वासनळ्यांच्या सुजेवर काम करतो, मग ती सूज किड्यामुळे आलेली असो की धुरामुळे.