खोटी भाकर, खरं माप

आम्ही सावंगी (मेघे)च्या बचत गटातल्या बाया. आज बोलायचं आहे ते खोट्या जेवणाबद्दल. म्हणजे दिसायला हुबेहूब, पण खायचं नाही, असं जेवण.

सप्टेंबर आला की अंगणवाडीत पोषण माह असतो. २०१८ पासून तो दरवर्षी होतो. टेबलावर चादर अंथरायची, घराघरातून आणलेली भाकर, वरण, भाजी, मोड आलेली मटकी मांडायची. बारा वाजेपर्यंत वरणावर साय धरते, भाकर वातड होते, माशा घोंगावतात. इतका वेळ उघड्यावर राहिलेलं अन्न लेकरांच्या पोटात घालता येत नाही, म्हणजे ते वायाच जातं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वस्तीत परत तोच खर्च. म्हणून एकदाच नकली ताट करून ठेवायचं.

बाजारात प्लास्टिकचं खेळण्यातलं जेवण मिळतं, पण त्यात पिझ्झा, बर्गर, केक. ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी कुठून मिळणार? हुबेहूब फळं हवी असतील तर सावंतवाडीची पाहावी. तिथल्या चितार आळीत लाकडाचे आंबे, केळी, सीताफळं, कारली रंगवून विकायला असतात. पूर्वी त्यासाठी पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरत. जपानात तर हॉटेलच्या दाराशी काचेत नकली जेवण मांडतात, म्हणजे काय मिळेल आणि किती मिळेल हे गिऱ्हाइकाला आत येण्याआधीच कळतं. इवासाकी ताकिझो यांनी १९३२ साली ओसाका शहरात हा धंदा सुरू केला. तेव्हा हे नमुने मेणाचे असत, आता प्लास्टिकचे असतात. आपल्याला त्यातलं ‘किती’ घ्यायचं आहे. नकली ताट सुंदर नसलं तरी चालेल, माप चुकलं तर ते काही कामाचं नाही.

आता कृती. रद्दी पेपर बारीक फाडून रात्रभर भिजत घाला. सकाळी कुटून लगदा करा, कापडात पिळून घ्या, त्यात मैद्याची शिजवलेली खळ आणि थोडी मेथीची पूड मळा. खळीला कीड लागू नये म्हणून काही लोक मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, लेकरांच्या वस्तूत अजिबात नको. मीठ-मैद्याचा गोळाही करतात, पण पावसाळ्यात मीठ पाणी ओढतं आणि तो चिकचिकतो. लगदा बरा.

भाकरीसाठी पुठ्ठ्याचा गोल कापून त्यावर लगदा पातळ थापा. खरी भाकर शेजारी ठेवूनच थापा, कारण लगदा वाळला की आकसतो. कडा अगदी गोल करू नका, आपल्या हातची भाकर कंपासने काढलेली नसते. वाळल्यावर पांढऱ्या पोस्टर रंगात किंचित तपकिरी मिसळून हात द्या आणि डागांसाठी चहाचं घट्ट पाणी बोटाने टिपा. हळदीने रंगवायचा मोह होतो, पण हळदीचा रंग उन्हात उडतो.

आलू, पेरू, संत्र्यासाठी खऱ्या फळाला तेल लावून त्यावर खळीत भिजवलेल्या कागदी पट्ट्यांचे चार-पाच थर द्या. कडक वाळले की ब्लेडने मधोमध चिरा, आतलं फळ काढा, दोन्ही वाट्या पट्टीने जोडा. काढलेला आलू भाजीत नको, त्याला पेपरची शाई लागलेली असते.

वरणासाठी वाटीत आधी लगदा भरायचा, वर पाव इंच जागा ठेवायची. फेविकॉलमध्ये पिवळा रंग कालवून पातळ थर ओता. एकदम जाड ओतलं तर वरून सुकतं, आतून ओलं राहतं. तर्री दाखवायची तर शेवटचा थर लाल. वार्निश फक्त ओल्या पदार्थांना लावा. भाकरीला चमक आली की लांबूनच खोटी दिसते.

सगळ्यात महत्त्वाचे दोन चमचे. सहा महिने झाले की बाळाला आईच्या दुधाबरोबर वरचं अन्न सुरू करायचं असतं. अनेक घरी ते वरणाच्या पाण्यावरच सुरू होतं आणि तिथेच थांबतं. पाण्याने पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. ‘घट्ट द्या’ म्हटलं तर प्रत्येकीचं घट्ट वेगळं. म्हणून एक चमचा तिरपा धरून त्यावर लगद्याची मऊ खिचडी चिकटवा: न ओघळणारी, न सांडणारी. दुसऱ्यासाठी रंगीत फेविकॉलची धार पॉलिथिनवर ओता, सुकली की सोला आणि चमच्याच्या कडेला लोंबती लावा. दोन्ही शेजारी ठेवा. पहिला चमचा बाळाचा.

त्यापुढे वाट्या मांडा. माप २५० मिलिलिटरच्या वाटीचं आहे. घरची स्टीलची वाटी बहुधा लहान असते, म्हणून आधी पाण्याने मोजून घ्या. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, हळूहळू वाढवत आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. नऊ ते अकरा महिने अर्धी वाटी, तीन-चारदा. वर्षापासून दोन वर्षांपर्यंत पाऊण ते पूर्ण वाटी, तीन-चारदा, शिवाय मधे एक-दोनदा थोडा खाऊ. मोठ्यांच्या ताटासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं सांगणं सोपं आहे: अर्धं ताट भाज्या आणि फळांचं. हे ताट मांडलं की बाया आधी हसतात. आपल्याकडे अर्ध्याहून जास्त जागा भाकर नाहीतर भातच घेतो.

लेकरं हे सगळं तोंडात घालणारच, त्यासाठीच तर ते हुबेहूब केलं आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती सव्वा इंचापेक्षा लहान तुकडा जाऊ देऊ नका. नकली फल्लीदाणे, वाटाणे, द्राक्षं घशात अडकतात, ती ताटाला पक्की चिकटवा किंवा करूच नका. खेळायला वेगळं ताट हवं असेल तर जुन्या लुगड्याची, कापूस भरलेली वांगी आणि टमाटे शिवा, धुताही येतात. घरात उरलेला जुना ऑइल पेंट वापरू नका, त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीचा डबा भरवशाचा नाही. खेळणं विकत घ्यायचं तर आयएसआय खूण पाहा, १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे.

आणि ज्या गंजात खळ-रंग कालवाल, तो परत चुलीवर चढवू नका. उरलेलं वार्निश पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. फवारणीचं औषध थंड पेयाच्या बाटलीत ठेवण्याइतकंच ते घातक आहे.

सगळं पत्र्याच्या डब्यात, कडुलिंबाचा वाळला पाला घालून ठेवा. दिवाळीनंतर एकदा उन्हं दाखवा. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा, ‘खाण्यासाठी नाही’, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तोंडावर फुलीचं चित्र काढा.